पाहुण्यांसाठी घरचा केक आणि पाच वस्तूंचे पेय

अतिथीचे स्वागत हा आपल्या भूमीचा जुना धर्म आहे. दारात आलेल्या माणसाच्या हाती प्रथम गूळ-पाणी द्यावे आणि मग त्याचे नाव-गाव विचारावे, ही रीत आपल्या आजी-पणजींनी निष्ठेने पाळली. घर मोठे की लहान, फडताळात तूप आहे की नुसते तेल, हा प्रश्न त्या रीतीत कधी उद्भवला नाही. अलीकडे मात्र पाहुणा येणार म्हटले की गृहिणीच्या कपाळावर आठी पडते. ही आठी पाहुण्याविषयीच्या नावडीची नसते. ती खर्चाच्या काळजीची असते. बाप्तिस्मा असो, मुलामुलींचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असो, साखरपुडा असो वा नाताळ असो. शहरातून रंगीत साय थापलेला केक आणला नाही आणि बाटल्यांची पेटी उघडली नाही तर चारचौघांत आपली शोभा होईल, असे वाटू लागते. मग हातउसने पैसे काढले जातात. पाहुणे संध्याकाळी परततात. उसनवारी मात्र महिनोन् महिने घरातच मुक्काम करून राहते.

वाचकहो, हा विषय स्वयंपाकघरातील असला तरी क्षुल्लक नव्हे. ज्या दिवशी पाहुणचार परवडेनासा होतो, त्या दिवशी माणसे एकमेकांकडे जाणे-येणे कमी करतात आणि आप्तसंबंध हळूहळू सुकू लागतात. म्हणून घरच्या हाताने, घरच्या वस्तूंतून उत्तम केक कसा करावा आणि थोरामोठ्यांपासून लेकरांपर्यंत सर्वांना घेता येईल असे मिश्र पेय कसे सिद्ध करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संत्र्यांच्या मुलखातील नवल

जामसांवली हे सौसर तालुक्यातील गाव. छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ साली वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा हा पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा मिळून बनला आहे. जामसांवलीच्या हनुमान मंदिरात पहुडलेल्या स्थितीतील मूर्ती असून मंगळवारी व शनिवारी तेथे दूरदूरच्या यात्रेकरूंची दाटी होते. म्हणजे परक्या माणसाला पाणी देणे हे या परिसराच्या अंगवळणी पडलेलेच आहे. शिवाय हा सारा मुलूख संत्र्यांचा. ज्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभले, त्याच जातीच्या बागा सातपुड्याच्या या पायथ्याशीही पसरलेल्या आहेत. अंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात आणि नाताळच्या तोंडापर्यंत पुरतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात.

आता नवल पाहा. ज्या घराच्या मागील दारी संत्र्याची झाडे वाकलेली असतात, त्याच घरात पाहुण्यापुढे नारिंगी रंगाच्या सोड्याची बाटली ठेवली जाते. अशा पुष्कळ बाटल्यांवर बारीक अक्षरांत छापलेले असते की, यात फळाचा अंश नाही. व्यापाऱ्याने बारीक म्हणून बाजूला काढलेली फळे ओट्यावर पडून सुकत असतात आणि त्याच ओट्यावर बसून आपण फळाविना केलेले रंगीत पाणी विकत घेऊन पितो! बारीक फळाला बाजारात भाव नसेल. पण रसाच्या भांड्यात त्याचा दर्जा मोठ्या फळाहून तिळमात्र कमी नाही.

केक परका आहे काय?

कोणी म्हणेल, सरबत आपले खरे. परंतु केक हा साहेबांचा पदार्थ, तो खेड्यातील चुलीवर कसा साधावा? ही समजूत बरोबर नाही. कोकणात काकडी, रवा आणि गूळ यांचे धोंडस पिढ्यान् पिढ्या होत आले आहे. पातेल्याखाली मंद आच आणि झाकणावर निखारे, असे दोहोंकडून त्याला भाजतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांचा बेबिंका हा तर याच युक्तीचा मुकुटमणी होय. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप आणि थोडे पीठ यांचा एक थर ओतावयाचा, वरील निखाऱ्यांनी तो तांबूस होऊ द्यावयाचा, मग त्यावर दुसरा थर. असे सात, कधी सोळा थर होईपर्यंत गृहिणी चुलीपासून हलत नाही. या बेबिंक्यालाही २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या विदर्भाकडे आणि सौसर-पांढुर्ण्याकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात. पीठ, आच आणि धीर या तीन गोष्टी ज्यांना साधल्या आहेत, त्यांना केक अवघड वाटण्याचे कारण नाही.

भारतातील नाताळच्या केकचीही एक बोधप्रद हकीकत आहे. केरळातील तलश्शेरी येथे मम्बळ्ळी बापू यांची बेकरी होती. १८८३ साली मर्डॉक ब्राउन नावाच्या इंग्रज मळेवाल्याने विलायतेहून आणलेला केक त्यांना दाखविला आणि तसाच करून मागितला. बापूंनी परदेशी ब्रँडीच्या मागे न धावता स्थानिक फळे आणि काजूच्या बोंडांपासून काढलेली तेथीलच दारू वापरून तो केक सिद्ध केला व साहेब संतुष्ट झाला, अशी आठवण तेथे सांगतात. म्हणजे या देशातील नाताळच्या केकचा आरंभच मुळी हाताशी असलेल्या वस्तूंतून झाला. तलश्शेरीला काजू होता. आपल्याला संत्रे आहे.

चार समान भागांचा केक

जुन्या काळच्या केकचा नियम इतका सोपा आहे की निरक्षर आजीलाही तो मुखोद्गत राहील. अंडी, साखर, लोणी आणि मैदा ही चारही वजनाने सारखी. इंग्रज लोक प्रत्येक वस्तू एक पौंड घेत, म्हणून त्याला पौंडाचा केक हे नाव पडले. फ्रेंच लोक त्याला ‘चार चतुर्थांश’ म्हणतात. हॅना ग्लास या इंग्रज बाईंच्या १७४७ सालच्या पाकशास्त्राच्या पुस्तकात हे मिश्रण तासभर फेटण्यास सांगितले आहे. त्या काळी केक फुगविणारी पूड नव्हती; फेटण्याने जी हवा आत कोंडली जाई, तीच केकला हलकेपणा देई.

आपण असे करावे. चार अंडी कवचासकट तराजूत घालावीत. साधारण २०० ते २२५ ग्रॅम भरतील. तितक्याच वजनाची पिठीसाखर, तितकेच मऊ लोणी आणि तितकाच मैदा मोजून ठेवावा. लोण्याऐवजी तूप घ्यावयाचे झाल्यास ते कमी घ्यावे. कारण लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात तो नसतो. २०० ग्रॅम लोण्याच्या जागी १६० ग्रॅम थिजलेले तूप आणि दोन मोठे चमचे दूध पुरते. मैद्यात एक लहान चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ मिसळून तो दोनदा चाळावा.

प्रथम लोणी व साखर एकाच दिशेने फेटावी. साखरेचे कण लोण्यात हवेची सूक्ष्म घरे पाडीत जातात. मिश्रण पांढरट व हलके दिसू लागले म्हणजे हे काम साधले असे समजावे. येथे घाई केल्यास केक वीट होतो. मग एकेक अंडे घालून प्रत्येक वेळी नीट मिळवावे. मिश्रण फाटल्यासारखे दिसल्यास चमचाभर मैदा घालावा. एका संत्र्याची नारिंगी साल किसणीवर अलगद किसून घालावी. पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू असतो. साल वापरावयाची ते फळ औषध न फवारलेल्या झाडाचे असावे आणि स्वच्छ धुतलेले असावे. शेवटी मैदा हलक्या हाताने मिळवावा. या टप्प्यावर फार घोटल्यास पीठ चिवट होते.

भट्टीवाचून भाजणे

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे जाडीचा कोरड्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्यावा. त्यावर तिवई अथवा उलटी ताटली ठेवून घट्ट झाकणाखाली दहा मिनिटे तापू द्यावे. केकच्या डब्याला तूप लावून आत मैदा भुरभुरावा आणि मिश्रण डब्याच्या दोन तृतीयांशच भरावे, कारण ते वर येते. डबा आत ठेवून मंद आचेवर पन्नास मिनिटे ते एक तास भाजावे. चूल असेल तर झाकणावर मूठभर निखारे ठेवावेत. वरचा रंग सुरेख येतो. कुकरमध्ये भाजणाऱ्या भगिनींनी झाकणातील रबरी कडी आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत आणि आत पाणी घालू नये. हा नियम जिवाच्या सुरक्षिततेचा आहे, तो कधीही मोडू नये.

पहिला अर्धा तास झाकण उघडावयाचे नाही. आतील हवा व वाफ केकला वर उचलीत असते आणि पिठाचा सांगाडा अजून धरलेला नसतो. अशा वेळी थंड वारा लागला की केक मध्यभागी बसतो. वेळ झाल्यावर स्वच्छ काडी मध्यभागी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

ज्या बेकिंग पावडरीने हे काम आज सुकर झाले, तिचा जन्मही एका घरातील गरजेतून झाला. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला खमीर सोसत नसे. तिलाही मऊ पाव खाता यावा म्हणून त्याने १८४३ साली ही पूड तयार केली. पंगतीतील एका व्यक्तीला जे चालत नाही, त्याची आठवण ठेवून केलेला तो शोध होता.

अंडी न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी

आपल्या गावात पाहुणे काही एकाच समाजाचे नसतात. शेजारच्या काकूंचा मंगळवार असेल, कोणाचा शनिवार असेल, कोणी माळकरी असतील. त्यांच्यापुढे अंड्याचा केक ठेवून ‘यात काही नाही हो’ असे म्हणणे हा पाहुणचार नव्हे, ती फसवणूक होय. त्यांच्यासाठी रव्याचा केक वेगळ्या भांड्यात करावा आणि तसे स्पष्ट सांगावे.

दोन वाट्या बारीक रवा, सव्वा वाटी साखर, एक वाटी ताजे दही, अर्धी वाटी पातळ तूप, अर्धी वाटी संत्र्याचा रस आणि चिमूटभर मीठ एकत्र करून पाऊण तास झाकून ठेवावे. रवा पाणी पिऊन फुगला नाही तर केक कचकचीत लागतो. भिजलेले मिश्रण फार घट्ट वाटल्यास आणखी थोडा रस घालावा. पातेले तापले, डबा तयार झाला, म्हणजे अगदी शेवटी अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दहा-बारा वेळा ढवळावे आणि ताबडतोब भाजावयास ठेवावे. दह्याच्या व संत्र्याच्या आंबटपणाशी सोड्याचा संयोग झाला की वायू निघू लागतो. तो डब्यात जाण्यापूर्वीच उडून गेला तर सोडा वाया गेला. हा केक पाऊण तासात होतो व दोन दिवस चांगला राहतो.

नाताळसाठी फळांचा केक हवा असल्यास बेदाणे, खजुराचे तुकडे आणि संत्र्याच्या पाकवलेल्या साली रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवून, निथळून, थोडा मैदा चोळून वरीलपैकी कोणत्याही मिश्रणात घालाव्यात. मैद्यामुळे त्या तळाशी बसत नाहीत. दारूवाचूनही फळे टपोरी फुगतात. मात्र उन्हाळी हवेत भिजवण रात्रीपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये, ते आंबते.

पाच वस्तूंचे पेय

विलायती मेजवान्यांत ‘पंच’ नावाचे मिश्र पेय असते. हा शब्द आपल्याच ‘पाच’ या शब्दावरून गेला, असे पुष्कळ कोशकार मानतात. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे लोक या देशात आले, तेव्हा मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंचे पेय ते घेऊ लागले. १६३२ सालच्या त्यांच्या एका पत्रात हे नाव आढळते. पुढे ते पेय जहाजांवरून इंग्लंडात गेले आणि तेथील थोरांच्या दिवाणखान्यात मानाने विराजमान झाले.

नाव पाचांचे आहे. त्यांत मद्य असलेच पाहिजे असे नाही. पंचाचे खरे वैशिष्ट्य दुसरेच आहे. ते एका मोठ्या भांड्यात करतात आणि सर्वजण त्याच भांड्यातून घेतात. आजोबांना निराळे, पोरांना निराळे, आणि काही मंडळींना परसात निराळे, असे झाले की घरातील एका मेळ्याचे तीन मेळे होतात. परसातील मेळ्याचे पर्यवसान कशात होते, हे घरोघरच्या स्त्रियांना सांगावयास नको. म्हणून आपल्या पाच वस्तू अशा असाव्यात: संत्रे, लिंबू, साखर, आले आणि पाणी.

दहा-बारा माणसांसाठी सोळा मध्यम संत्री घ्यावीत. त्यांचा साडेतीन ते चार पेले रस निघतो. एक वाटी साखर अर्धी वाटी पाण्यात विरघळवून, त्यात बोटाच्या एका पेराएवढे आले ठेचून घालावे, एक उकळी आणावी व गाळून गार करावे. हा पाक आदल्या दिवशी करून ठेवता येतो. पाहुणे येण्याच्या थोडे आधी संत्री पिळावीत, तीन लिंबांचा रस, पाक, चार पेले थंड पाणी आणि दोन चिमटी मीठ घालून ढवळावे.

येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. आपल्या संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो. परंतु तो ठेवला की काही तासांनी कडू होऊ लागतो. हा दोष फळाचा नसून पिळण्याचा असतो. बिया आणि पांढरे पापुद्रे चेचले गेले म्हणजे त्यांतील द्रव्य रसात उतरते आणि आंबट रसात त्याचा कडूपणा हळूहळू प्रकट होतो. म्हणून बिया काढून, हलक्या हाताने पिळून, लगेच गाळावे आणि तेव्हाच वाढावे. यंत्रात बियांसकट फळ फिरवू नये, रस उकळू नये. नाताळच्या थंडीत उष्णता हवी असेल तर दालचिनी व दोन लवंगा त्या पाकातच उकळाव्यात. रस मात्र कच्चाच राहू द्यावा.

संत्रे नसेल त्या ऋतूतही अडावयाचे कारण नाही. उन्हाळ्यात कैरी उकडून, गर गुळात घोळून, वेलदोडा व मीठ घातलेले पन्हे. बेलफळाच्या गराचे सरबत. कोकणातून आलेल्या आमसुलांचे जिरे घातलेले सरबत. पावसाळ्यात गवती चहा व आले यांचा ऊन काढा. कोणत्याही मिश्र पेयात एक आंबट, एक गोड, एक तिखट वा सुगंधी, थोडे खारट आणि भरपूर पाणी, हा पाचांचा मेळ बसला की ते जमले.

यजमानाची जागा

पवित्र शास्त्रात अब्राहामाची कथा आपण ऐकली आहे. मम्रे येथील झाडांखाली भर दुपारी तीन अनोळखी वाटसरू येतात. तो त्यांना थोडी भाकरी देऊ करतो आणि आत जाऊन साराला उत्तम सपीठ मळून चुलीवर पोळ्या भाजावयास सांगतो. बोलणे थोडे, करणे अधिक! तो कोणाच्या दुकानात गेला नाही. घरचे पीठ, घरचे दूध, घरचे लोणी त्याने पुढे ठेवले. आणि पाहुणे जेवीत असता तो स्वतः त्यांच्याजवळ झाडाखाली उभा राहिला.

हे जवळ उभे राहणेच आपल्या घरांतून नाहीसे होत आहे. पाहुणे बाहेर बसलेले आणि माउली आत धुरात, अशी अवस्था पुष्कळ ठिकाणी दिसते. मार्थेची तक्रार आजही घरोघर ऐकू येते आणि ती अगदी खोटी नसते. कारण तिच्या मदतीला कोणी उठत नाही. घरच्या केकचा मोठा गुण हा की तो आदल्या दिवशी होतो. चार समान भागांचा केक तर दुसऱ्या दिवशी अधिकच मुरतो आणि नीट झाकून ठेवल्यास चार दिवस टिकतो. पाक आदल्या दिवशी, केक आदल्या दिवशी. मग उरते ते संत्री सोलणे आणि पिळणे. ते काम घरातील पुरुषांनी व मुलांनी करावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. फेटण्याचे कामही मनगटाचे आहे. ते तरण्या मुलाकडे द्यावे आणि तराजू लहान मुलीकडे द्यावा. अंडी एका पारड्यात, साखर दुसऱ्या पारड्यात घालताना समान वाटा म्हणजे काय हे तिला कोणत्याही पाठाविना समजेल.

केकवर साय व रंगीत फुले नसतील. क्वचित एका बाजूने तो अधिक तांबूस होईल, वर तडाही जाईल. त्यावर थोडी पिठीसाखर भुरभुरावी आणि संत्र्याच्या चार फोडी मांडाव्यात. तो कापावयास गृहिणीनेच बसावे आणि ‘हा आमच्या घरचा’ असे मोकळेपणाने सांगावे. ज्या घराने हा प्रघात प्रथम पाडला, त्या घरामुळे शेजारच्या चार गरीब घरांवरील लोकलाजेचे ओझे उतरेल, कारण पुढील समारंभाला दुकानातील केक नसला तरी कोणी नाक मुरडणार नाही.

मात्र पहिलाच प्रयोग समारंभाच्या दिवशी करू नये. आपल्या चुलीची आच, आपल्या पातेल्याचे बूड आणि आपल्या साखरेचा गोडवा यांची ओळख व्हावी लागते. एखाद्या साध्या रविवारी अर्ध्या प्रमाणाचा केक घरच्यांसाठीच करून पाहावा, त्याला किती मिनिटे लागली ते भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे आणि उरलेला तुकडा शेजारी पाठवावा. नाताळला अंबिया बहाराची फळे हाताशी असतीलच. तोवर हात बसलेला असावा.